‘तडजोड झाली’ म्हणजे ‘न्याय मिळाला’ का?

प्रश्न असा आहे : दिवाणी दावा पक्षकारांनी न्यायालयाबाहेर मिटवला की ‘अखेर वादीला न्याय मिळाला’ असे सर्रास लिहिले जाते, हा प्रयोग योग्य आहे का, आणि तडजोड, समेट, दिलजमाई हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

प्रश्नाचा दुसरा भाग सोपा असल्याने आधी घेतो. समेटात वैर संपते, दिलजमाईत मने जुळतात; तडजोडीत मात्र एकाची मागणी आणि दुसऱ्याचा नकार यांमधले अंतर तेवढे भरून निघते, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही तरी तडजोड पुरी झालेली असते. दोन कंपन्यांमधील थकबाकीच्या दाव्यात ‘दिलजमाई’ झाली असे लिहिणे त्यामुळे हास्यास्पद ठरते. मुंबईच्या बोलीतील ‘मांडवली’ या शब्दाला तर धाकाचा, मध्यस्थाच्या वजनाचा वास आहे. हा शब्द कोणी अर्जात लिहिणार नाही. पण राजीखुशीची तडजोड आणि दबावाखालची तडजोड यांना बोलीने दोन वेगळी नावे दिली, हे पुढील चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता न्यायाकडे. ‘न्याय’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो : बाजू ऐकून, पुरावा तोलून केलेला निवाडा, हा एक, आणि ज्याचे त्याला मिळणे, हा दुसरा. न्याय कोणीतरी ‘देतो’ आणि कोणाला तरी तो ‘मिळतो’. तडजोड पक्षकार स्वतःच ‘करतात’. पहिल्या अर्थाचा न्याय तडजोडीत संभवतच नाही, कारण खरे कोणाचे हे ठरवायला तेथे कोणी बसलेलेच नसते. दुसऱ्या अर्थाचा न्याय तडजोडीत असू शकतो, नसूही शकतो, आणि त्याची खूण पुष्कळदा क्रियापदातच सापडते : एक पक्षकार ‘तडजोड केली’ म्हणतो, दुसरा ‘तडजोड करावी लागली’ म्हणतो. दावा तोच, कागद तोच, सह्याही शेजारीशेजारी.

येथे ‘राजीनामा’ या शब्दाची आठवण होते. आज त्याचा अर्थ पद सोडणे एवढाच उरला असला, तरी घडणीने तो राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा, लेख आहे, आणि हिंदीत दावा आपसात मिटल्याच्या कागदाला अजूनही राजीनामा म्हणतात. मराठेशाहीतील न्यायपद्धतीत वादी-प्रतिवादींकडून निवाड्याआधीच राजीनामा लिहून घेत, की होईल तो निर्णय आम्हांस मान्य आहे. आणि हरलेला पक्ष पुढे आपली हार कबूल करणारे यजितखत लिहून देई. म्हणजे निवाड्यालाही संमतीची जोड लागे. मात्र ती संमती निवाड्याच्या जागी येत नसे, त्याच्या मागेपुढे असे. आजच्या तडजोडीत निवाडा गळून पडतो आणि संमती तेवढी शिल्लक राहते. त्यामुळे सगळा भार त्या संमतीच्या खरेपणावर येतो.

आपल्याकडच्या दस्तांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ हा ठरलेला मजकूर असतो. समजा, वाटणीच्या दाव्यात बहिणीने भावांविरुद्ध आपला हिस्सा मागितला आहे. तारखांवर तारखा पडून काही वर्षे गेली आहेत, वकिलाची फी थकली आहे, आणि भाऊ हिश्श्याच्या किमतीचा लहानसा भाग रोख द्यायला तयार आहेत. बहीण तडजोडीच्या पुरसीसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करते. वर ‘राजीखुशीने’ छापलेलेच असते. ती खोटे बोलत नाही, पण राजी आहे तरी खुशी नाही, आणि हा फरक त्या जोडशब्दाने झाकला जातो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २३, नियम ३ नुसार तडजोड कायदेशीर असल्याची खात्री पटल्यावरच न्यायालय तिच्या आधारे हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा औपचारिक लेखी निकाल, करते. बळजबरी वा फसवणुकीने मिळवलेली संमती तेथे टिकत नाही, आणि पक्षकार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यास न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या वतीने तडजोडच करता येत नाही. नुसती गरज मात्र कायद्याच्या लेखी बळजबरी नव्हे. शिवाय संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही.

तरीही निवाडा म्हणजे न्याय आणि तडजोड म्हणजे अन्याय, अशी विभागणी मला मान्य नाही. न्यायालय मागणीच्या चौकटीत राहून देते : पैसे, ताबा, मनाई. दिलगिरी, रस्त्याच्या वापराची वेळ, भागीदारी मोडल्यावर जुनी गिऱ्हाइके कोणी सांभाळायची, अशा गोष्टी तडजोडीच्या कागदातच नीट बसतात. दावा जिंकूनही हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त दाखल करून पुन्हा वाट पाहणाऱ्याला ‘न्याय मिळाला’ हे शब्द लागू आहेत का, हाही प्रश्न आहेच. उलट, सदोष वस्तू विकणाऱ्याने एकेका ग्राहकाशी गोपनीयतेच्या अटीवर तडजोड केली, तर प्रत्येकाला भरपाई मिळते, पण दोष कोठेच नोंदला जात नाही आणि पुढच्या ग्राहकाला दाखवायला एकही निकाल हाती लागत नाही. अशा ठिकाणी तडजोड करणाऱ्या दोघांचे भले होऊनही न्यायाचे नुकसान झालेले असू शकते.

लिहिताना म्हणून ‘दावा तडजोडीने निकाली निघाला’ किंवा ‘वाद आपसात मिटला’ असे लिहावे. ‘न्याय मिळाला’ हे पक्षकाराच्या तोंडी शोभते, बातमीदाराच्या नाही. ‘न्यायालयाबाहेर’ हा शब्दही जपून वापरावा. बाहेर ठरलेली तडजोड न्यायालयात दाखल होऊन तिचा हुकूमनामा झाला, तर तो बजावता येतो. नुसता दावा काढून घेतला, तर हाती उरतो तो केवळ करार, आणि समोरचा फिरला की त्या करारासाठी नवा दावा.

राहता राहिली लोकअदालत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तेथील तडजोडीला ‘निवाडा’ म्हणतात आणि तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो. सार्वजनिक सेवांसाठीची स्थायी लोकअदालत तडजोड फिसकटल्यास काही वादांत स्वतः निर्णय देऊ शकते. नेहमीच्या लोकअदालतीला मात्र गुणदोषांवर निर्णय देण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘लोकअदालतीत निवाडा झाला’ हे कायद्याच्या परिभाषेत बरोबर असले, तरी ‘लोकअदालतीने न्याय दिला’ या वाक्यातील कर्ता चुकलेला आहे.