मुलीला पॅलिएटिव्ह केअरमध्ये जायचंय. जाऊ द्यावं का?

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, राहणार केज तालुका, जि. बीड. मोठी मुलगी लातूरला बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आमचे वडील तोंडाच्या कॅन्सरनं वारले. दवाखान्यानं ‘आता घरीच न्या’ म्हटल्यावर शेवटचे काही महिने एक सिस्टर घरी यायच्या. जखम साफ करायच्या, मॉर्फिनच्या (अफूपासूनच्या, दुखणं कमी करणाऱ्या) गोळ्या कशा द्यायच्या ते समजावून सांगायच्या. तेव्हापासून मुलीनं मनात धरलंय की आपणही हेच काम करायचं, पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचं दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेत जायचं. आमची इच्छा तिनं आयसीयूत किंवा सरकारी भरतीत जावं अशी आहे. रोज मरणाऱ्याच्या उशाशी बसून लेकराचं डोकं ठिकाणावर राहील का? सोयरे-पाहुणे आतापासूनच विचारायलेत. आणि खरं सांगायचं तर मॉर्फिनमुळेच वडील लवकर गेले का, ही शंका घरात अजून आहे.

उत्तर :

नमस्कार भाऊ,

आधी मॉर्फिनचं बोलू. ती शंका मनात असेपर्यंत मुलीच्या करिअरचं काहीही सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही.

मी डॉक्टर नाही आणि वडिलांचे केसपेपर मी पाहिलेले नाहीत. त्या सिस्टरकडे किंवा त्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन, समोर बसून हे विचारा. अशा प्रश्नांची त्यांना सवय असते. या क्षेत्रातले डॉक्टर जे सांगतात ते असं : दुखणं मोजून, लहान डोसपासून सुरू करून, गरजेप्रमाणे वाढवत दिलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळ होऊ शकते, आणि बद्धकोष्ठ तर हमखास होतं. म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच लिहून देतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्याला त्याचं व्यसन लागणंही क्वचितच. गोळी सुरू होते तेव्हा आजारच बहुतेक वेळा शेवटाला आलेला असतो, त्यामुळे गोळी आणि मरण यांची सांगड घरातल्यांच्या मनात बसते. ही भीती सरकारदरबारीही होती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं असं जंजाळ झालं की मोठमोठ्या दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. आजही त्याच्या एकेका गोळीचा हिशेब रजिस्टरला असतो.

आता तुमचं ‘मरणाऱ्याच्या उशाशी बसणं’. हे काम बसण्याचं असतं तर मीही तुमच्या बाजूनं बोलले असते.

घरोघरी जाणाऱ्या पॅलिएटिव्हच्या एका पथकाबरोबर मी अंबाजोगाईच्या पुढच्या एका गावात गेले होते. पेशंट साठीचे, गालाला आरपार जखम. दारातूनच वास येत होता. घरच्यांनी खाट पडवीत टाकलेली, नातवंडं लांब उभी. सिस्टरनी जुनी पट्टी लगेच ओढली नाही. सलाइननं ती भिजवली आणि थांबल्या, कारण कोरडी ओढली की रक्त सुटतं. मग जखम धुऊन त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड टाकली. जुलाबाला देतात तीच ही साधी गोळी. जखमेतले वास करणारे जंतू तिनं मरतात. दुखणं किती, हे त्यांनी शून्य ते दहा असं विचारलं नाही. ‘रुपयात किती आणे दुखतंय, बाबा?’ म्हणाल्या. बाबांनी बोटांनी बारा दाखवले. मागच्या आठवड्याच्या वहीत चौदा होते. रात्रीचा डोस कुणी दिला, किती वाजता दिला, मध्ये चुकला का, हे सगळं सुनेकडून काढून घेतलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

निघताना त्यांनी सुनेला बाजूला घेतलं. नाकातल्या नळीतून ज्वारीची आंबील गाळून, पातळ करूनच द्यायची, देताना डोकं उंच ठेवायचं, नंतर पाणी सोडून नळी धुवायची, हे तिच्याकडून करवून घेतलं. शेवटी हळू आवाजात एक गोष्ट सांगितली : एखादा जुना गडद रंगाचा टॉवेल खाटेजवळ ठेव. अशा जखमेतली मोठी रक्तवाहिनी कधीतरी फुटू शकते. पांढऱ्या कपड्यावर ते रक्त पाहून पेशंट आणि घरचे दोघेही घाबरून जातात. गडद कपड्यावर तितकं दिसत नाही. तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, तेही सांगितलं. मला विचाराल तर आयसीयूतल्या मॉनिटरसमोरच्या कामापेक्षा हे कमी कौशल्याचं मुळीच नाही. तिथं निदान हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो.

बोलणं हेही यातलं शिकण्याचंच काम आहे. आपल्याकडे दहातली आठ घरं दारातच सांगतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ पेशंटला बहुतेक सगळं कळलेलं असतं आणि तोही घरच्यांसाठी गप्प बसतो. मग सातबाऱ्यावरच्या वाटण्या, सोसायटीचं कर्ज, धाकटीचं लग्न, सगळं मनातच राहतं. सिस्टर थेट काही सांगत नाहीत. ‘तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं?’ इथून सुरू करतात आणि पेशंट जेवढं विचारेल तेवढंच उलगडतात.

आणखी एक गैरसमज, तो डॉक्टर लोकांतही आहे. डॉक्टरांनी हात टेकले की मग पॅलिएटिव्ह, असं नसतं. उपचार चालू असतानाच ही सेवा जोडायची असते. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस तर बरे गेलेच, शिवाय ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. कॅन्सरशिवाय किडनी निकामी झालेले, हृदय थकलेले, लकव्यानं अंथरुणाला खिळलेले, दम्यासारख्या जुनाट फुप्फुसविकाराचे पेशंटही यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. आपल्या भागात तंबाखू-चुन्याची पुडी खिशात असणारे किती, हे गाडीत रोज तिकीट फाडणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावं!

हे क्षेत्र उभं केलं त्या सिसिली साँडर्स मुळात नर्सच होत्या. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सुटलं, मग दवाखान्यात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर, आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीचं सेवाघर काढलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे. 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी कोझिकोडला काम सुरू केलं आणि केरळात गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले. महाराष्ट्रानं धोरण केलं 2012 मध्ये. कागदावर आपण फार मागे नाही. माणसं कमी पडतात.

आता नोकरीचं. इथं मात्र तुमची काळजी बरोबर आहे, आणि मुलीला ती ऐकवायलाच हवी. जिल्हा पातळीवरच्या पॅलिएटिव्ह पथकातल्या जागा बहुतेक राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, म्हणजे 11 महिन्यांच्या कंत्राटावर असतात. सरकारी भरतीत पद निघतं ते ‘अधिपरिचारिका’ म्हणून. पॅलिएटिव्हची नर्स असं वेगळं कायम पद सहसा दिसणार नाही. खासगी कॅन्सर हॉस्पिटलं, ट्रस्टची केंद्रं, पुण्या-मुंबईतल्या घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांत मागणी आहे, पण त्यासाठी घर सोडावं लागेल. परदेशात या अनुभवाला चांगला भाव आहे, तरी आज त्या हिशेबानं कुणी यात पडू नये.

म्हणून माझं मत असं. तिला अडवू नका, पण लगेच उडीही मारू देऊ नका. पदवीनंतर किमान दोन वर्षं तिनं मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काढावीत, जमलं तर कॅन्सरच्या. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त आहे. उलटी, दम, जखम, शिरेतून औषध, बिघडत चाललेला पेशंट ओळखणं, हे हातात बसलं की मगच घरोघरी एकटीनं जाण्यात अर्थ आहे. सरकारी भरतीच्या परीक्षा तिनं सोबत देत राहाव्यात. कायम नोकरी लागली तर पॅलिएटिव्हची दारं बंद होत नाहीत. उलट प्रशिक्षण घेतलेल्या अधिपरिचारिकेला रुग्णालय स्वतःच त्या कामाला लावतं. त्या काळात इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा दूरशिक्षणाचा प्रमाणपत्र कोर्स करता येतो, तो डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी आहे. पुढे तिरुअनंतपुरमची पॅलियम इंडिया आणि कोझिकोडची संस्था नर्ससाठी प्रत्यक्ष कामाचे कोर्स घेतात. कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

आजोबांच्या दुःखातून तिनं हे ठरवलं, असं तुम्हाला वाटतं. असेलही, त्यात वावगं काही नाही, मात्र दुःख ताजं असताना घेतलेला निर्णय तपासून पाहावा. सुट्टीत दोन-तीन आठवडे तिला एखाद्या पथकाबरोबर फिरू द्या. प्रत्येक घरात तिला आजोबाच दिसायला लागले, रात्री झोप उडाली, तर अजून वेळ आहे, एवढंच समजायचं. डोकं ठिकाणावर राहतं ते सोबतीच्या माणसांमुळे : चांगल्या पथकात पेशंट गेल्यावर सगळे एकत्र बसून बोलतात, कामं आलटून-पालटून घेतात. नोकरी धरताना तिनं हे विचारून घ्यावं. एकच नर्स आणि चार तालुके असा कारभार असेल तिथं जाऊ नये, मग पगार कितीही असो.

पाहुण्यांचं काय सांगू! त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं की पहिला फोन तुमच्याच मुलीला येईल. लग्नाच्या बाबतीत, बायकोच्या कामाचं नाव ऐकून मागं सरणारं स्थळ आधीच कळलेलं बरं.

हे पत्र इतर पालकही वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. या पथकात नर्सबरोबर डॉक्टर असतो (पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, टाटा मेमोरियलला ते 2012 पासून आहे), फिजिओथेरपिस्ट असतो, समुपदेशक असतो. आणि समाजकार्यकर्ता असतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, फुले जन आरोग्य योजनेचे कागद, कॅन्सर पेशंटची एसटीची सवलत (ती तुम्ही रोजच देता), वारसाच्या नोंदी हे सगळं तो बघतो. कला शाखेच्या मुलांना हा रस्ता मोकळा आहे. समाजकार्याचं शिक्षण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच मिळतं. बारावीला विज्ञान नसलेल्यांना जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा करूनही नर्स होता येतं.

निकाल लागला की मुलीनं सगळ्यात आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून घ्यावी. ते प्रमाणपत्र हातात नसेल तर वॉर्डातली नोकरी, सरकारी भरती, पॅलिएटिव्हचा कोर्स, यातलं काहीच पुढं सरकणार नाही. आणि पथकाबरोबर फिरण्यासाठी विचारायला दुसरीकडे कुठे जाऊ नका. तुमच्या घरी येणाऱ्या सिस्टरचा नंबर तुमच्याकडे असेलच.