ॲक्शन पोटेन्शियलच्या आलेखातून पंपाला आधी बाहेर काढा

तुमचा प्रश्न असा आहे: मेंदूचे भाग पाठ झाले, न्यूरॉनची आकृती काढता येते, पण "संदेश गेल्यावर सोडियम-पोटॅशियम पंप व्होल्टेज परत खाली आणतो" हे वाचलंय. (हा पंप म्हणजे पेशीच्या पटलातलं, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारं प्रथिन.) मग औषधाने पंप बंद केला तरी ॲक्सॉन (न्यूरॉनचा संदेश वाहणारा लांब तंतू) संदेश पाठवत राहतो, हे कसं? ही अडचण माझ्या चांगल्या ओळखीची आहे. गोंधळ औषधात नाही, त्या पाठ केलेल्या वाक्यात आहे. पंप व्होल्टेज खाली आणत नाही.

मोठा मेंदू, लहान मेंदू, डेंड्राइट, ॲक्सॉन हे सगळं येतं असं धरून पुढे जातो.

पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोलर (हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक), बाहेर ४. सोडियमचं उलट: बाहेर १४५, आत १२. (पेशीगणिक आकडे थोडे बदलतात, तुमच्या पुस्तकात वेगळे असले तर बिघडत नाही.) पेशी शांत असताना पटलातून मुख्यतः पोटॅशियमच झिरपतं, म्हणून आतली बाजू उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. ती उणे ५५ च्या, म्हणजे उंबरठ्याच्या, जवळ आली की सोडियमचे चॅनेल (पटलातली उघडझाप करणारी छिद्रं) भराभर उघडतात, सोडियम आत घुसतं आणि व्होल्टेज अधिक ३०-४० पर्यंत चढतं. लगेच सोडियमच्या चॅनेलचं आतलं दार आपोआप लागतं आणि थोडे उशिरा उघडणारे पोटॅशियमचे चॅनेल पोटॅशियमला बाहेर सोडतात. व्होल्टेज उतरतं. व्होल्टेजचा हा चढउतार म्हणजेच ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे एक संदेश. सगळा कारभार १-२ मिलिसेकंदांचा. यात पंप कुठेच नाही.

पटत नसेल तर कागद घ्या. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरा. पटलाची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड असते. त्यावरून १०० मिलिव्होल्टचा बदल घडवायला दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे ६,२०० आयन (प्रभार असलेले अणू) पुरतात. पेशीचं पृष्ठफळ सुमारे १,२५० चौरस मायक्रोमीटर, म्हणजे एकूण ७८ लाखांच्या आसपास आयन. आणि १२ मिलिमोलरने पेशीत आधीपासून सोडियमचे आयन किती? सुमारे ३,००० कोटी. म्हणजे एका संदेशाने आतलं सोडियम चार हजारांत एक इतकंच वाढतं. प्रत्यक्षात सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर हे थोडा वेळ एकदमच चालतं, त्यामुळे आयन काही पट जास्त लागतात. अगदी बारीक ॲक्सॉनमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, तिथे हे प्रमाण आणखी वाढतं. पण मुद्दा तोच: व्होल्टेज पूर्ण उलटतं, साठ्याला मात्र ओरखडाही उठत नाही.

आता पंपाचा वेग बघा. एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). अशी एक फेरी पुरी व्हायला काही मिलिसेकंद लागतात. उघडं चॅनेल सेकंदाला कोटीच्या घरात आयन सोडतं, पंप काही शे. आलेखाची उतरण संपते तेव्हा पंपाची एक फेरीही धड झालेली नसते! १९६१ मध्ये तर स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनमधला गाभा पिळून काढून त्यात नुसतं पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण भरलं गेलं, म्हणजे पंपाला एटीपीच नाही, तरी तो संदेश वाहत राहिला.

माझा खरा राग आहे तो त्या आकृत्यांवर, ज्यांत उतरणीशेजारी पंपाचं चित्र आणि एक बाण काढलेला असतो. तो एक बाण पुढचं सगळं नासवतो. आलेख उणे ७० च्याही खाली जातो, तेव्हा मुलं लिहितात "पंप जास्त चालला". नाही, पोटॅशियमचे चॅनेल सावकाश मिटतात म्हणून. लगेच दुसरा संदेश का उठत नाही, यावर लिहितात "पंपाला वेळ लागतो". तेही नाही, सोडियमच्या चॅनेलचं आतलं दार अजून लागलेलं असतं म्हणून.

मग पंप कशाला हवा? साठा राखायला. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्या ऊर्जेतला मोठा वाटा आयनांचा हा फरक टिकवण्यातच जातो. पंप बंद पडला तर त्याचा स्वतःचा काही मिलिव्होल्टचा हातभार लगेच जातो, कारण तो दर फेरीला एक धन प्रभार जास्त बाहेर टाकतो. खरं नुकसान सावकाश होतं: झिरपलेलं पोटॅशियम परत आत येत नाही, बाहेर साठत जातं. नर्न्स्टच्या सूत्रात (एका आयनाच्या आतल्या-बाहेरच्या प्रमाणावरून मिलिव्होल्ट सांगणारं सूत्र) ६१ गुणिले लॉग (बाहेरचं भागिले आतलं) असं मांडा: बाहेर पोटॅशियम ४ असताना उणे ९४, बाहेर १२ झालं की उणे ६५. पेशीचा शांत असतानाचा व्होल्टेज याच्याही वर असतो, म्हणजे आता तो उंबरठ्यालाच भिडला. सोडियमचे चॅनेल उघडून दारं लावून बसतात आणि पेशी मुकी होते. तुमच्या प्रश्नातल्या औषधाचं उत्तर हेच: ॲक्सॉन थांबतो, पण साठ्यातला फरक बराच घटल्यावर. ॲक्सॉन जितका जाड, तितका उशीर. (ही अभ्यासापुरती माहिती आहे, कुणाच्या रक्ततपासणीचा अर्थ यावरून लावू नका.)

जाता जाता सिनॅप्सबद्दल (दोन न्यूरॉनमधला, किंवा न्यूरॉन आणि स्नायू यांच्यातला सांधा), कारण पुढची ठेच तिथेच लागते. रासायनिक सिनॅप्समध्ये वीज फट ओलांडत नाही. ॲक्सॉनच्या टोकाशी कॅल्शियम आत येतं, पुटिका (रसायन भरलेल्या इवल्या पिशव्या) पटलाला चिकटून फुटतात आणि रसायन सुमारे २०-४० नॅनोमीटरची फट पार करतं. ते पुढच्या पेशीत शिरत नाही, तिच्या बाहेरच्या बाजूच्या रिसेप्टरला (रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. म्हणून "हे रसायन उत्तेजक, ते शामक" अशी यादी पाठ करू नका. ॲसिटिलकोलिन हाताच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतं आणि तेच हृदयाचे ठोके मंदावतं. रसायन एकच, रिसेप्टर वेगळे. यादीत तिसरा रकाना रिसेप्टरचा आणि चौथा कोणतं चॅनेल उघडतं किंवा मिटतं याचा करा. पंपासाठी रकाना ठेवू नका.