स्थिर तरंग की अप्रगामी तरंग?

नागपूरच्या अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : बर्डीवर घेतलेल्या भौतिकशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकात ‘अप्रगामी तरंग’ आहे, क्लासमधले सर ‘स्थिर तरंग’ म्हणतात, बरोबर कोणता? आणि ‘व्यतिकरण’ (इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’) म्हणजे एका तरंगाने दुसऱ्यात ढवळाढवळ करणं का?

दोन्ही शब्द रूढ आहेत, पण माझं मत ‘अप्रगामी’ला. मेल्डेच्या प्रयोगात एका टोकाला नादकाट्याला (ट्यूनिंग फोर्कला) बांधलेला आणि कप्पीवरून दुसऱ्या टोकाला पारडं टांगलेला दोरा नीट बघ. पारड्यातलं वजन जमलं की दोऱ्यावर फुगवटे दिसतात आणि ते जागा सोडत नाहीत. मात्र फुगवट्याच्या मध्यावर दोरा इतका झपाट्याने हलतो की नजरेला नुसता धूसर पट्टा दिसतो. त्याला स्थिर कसं म्हणायचं? नादकाट्याकडून जाणारा तरंग आणि कप्पीकडून परतणारा तरंग यांची बेरीज होऊन आकृती पुढे सरकत नाही, एवढंच घडतं. ‘अप्रगामी’ नेमकं तेवढंच सांगतो.

व्यतिकरणात ढवळाढवळ नाही. संस्कृतात ‘व्यतिकर’ म्हणजे एकमेकांत मिसळणं. थॉमस यंगने १८०१ साली प्रकाशाबाबत हे तत्त्व मांडलं. तरंग एकत्र येतात तिथे विस्थापनांची, म्हणजे कण मूळ जागेपासून जितके हलतात त्या अंतरांची, बेरीज होते, तेच अध्यारोपण; एकमेकांना ओलांडल्यावर दोघेही जसेच्या तसे पुढे जातात.

तू न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण खरा घोळ तिथेच होतो. ‘निस्पंद’ म्हणजे अप्रगामी तरंगातली न हलणारी जागा; निस्पंद म्हणजे निःशब्द नव्हे. मे महिन्यात खिडकीतला कूलर घुमतो ना, वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या घुमण्यात १०० हर्ट्झचा सूर असतो. चाळीस अंशांच्या हवेत त्याची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर. समोरच्या भिंतीवरून परतणाऱ्या तरंगाशी मिळून त्याचाही अप्रगामी तरंग बनतो. समोरच्या भिंतीला कान लाव, सूर भरीव लागेल. मग हळूहळू मागे ये; साधारण दोन हातांवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर, तो बारीक होईल. बाकीच्या भिंती आणि कपाटांमुळे जागा थोडी इकडेतिकडे होते. भिंतीशी हवेचे कण हलूच शकत नाहीत, म्हणून तिथे विस्थापनाचा निस्पंद. पण दाबाचा चढउतार तिथेच सर्वांत जास्त, आणि कानाला कळतो तो दाब. दोन हातांवर नेमकं उलट. त्यामुळे उत्तरपत्रिकेत नुसतं ‘निस्पंद बिंदू’ लिहू नकोस. विस्थापनाचा की दाबाचा, तेही लिही.