कोंबडा, कोंब आणि कोंबणे

प्रश्न असा आहे : ‘कोंबड्या डालग्यात कोंबून ठेवतात म्हणून ती कोंबडी, असं आमचे आजोबा सांगायचे. हे खरं का? आणि हिंदीतल्या मुर्गीशी या शब्दाचं काही नातं आहे का?’

आजोबांची व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण शेजारच्या कोकणीत डोकावलं की ती टिकत नाही. तिथे नराला ‘कोंबो’ म्हणतात आणि मादीला ‘कोंबी’. म्हणजे मूळ नाव ‘कोंब’ एवढ्यावरच भागतं आणि आपल्याकडचा ‘डा’ मागाहून चिकटलेला आहे. मराठीच्या आधीच्या अपभ्रंश भाषेपासून चालत आलेला हा प्रत्यय अर्थामध्ये भर न घालता शब्दाला नुसती शेपटी लावतो. आंत्राचं ‘आतडं’ झालं ते असंच.

‘डा’ काढला की हातात उरतो कोंब : आतून फुटून वर आलेलं टोक. कन्नड आणि तमिळमध्ये ‘कोंबु’ म्हणजे शिंग किंवा फांदी. हे सगळं या पक्ष्याच्या डोक्यावरच्या लाल तुऱ्याला चपखल बसतं, आणि नाव तुऱ्यावरूनच पडलं असावं असं माझं मत आहे. मराठी माणसाच्या तोंडी तो अर्थ अजून जागा आहे. कपाळावरचे केस फुगवून उभे केले की आपण ‘कोंबडा काढलाय’ म्हणतो. बागेतल्या लालभडक मखमली फुलालाही कोंबडाच म्हणतो. दोन्हीकडे पक्षी नाही, फक्त तुरा आहे. (इंग्रजीतही तुऱ्याला ‘कोम’ म्हणतात आणि लिहिताना शेवटी ‘बी’ येतो, पण तो निव्वळ योगायोग. तो शब्द कंगव्याचा. त्याचा मूळ अर्थ दात, आणि संस्कृत ‘जंभ’ त्याचा भाऊबंद.)

कोंबडीला एवढा तुरा नसतो, तिला नाव मिळालं ते नरावरून. पाळणाऱ्या बाईला मात्र तेवढ्यावर भागत नाही. अजून अंड्यावर न आलेली ती तलंग, अंडी द्यायचं थांबवून बसून राहिलेली ती खुडूक. माझ्या लेखी हे शब्द ‘कोंबडी’पेक्षा मोलाचे आहेत, कारण ते वापरणारी घरं कमी होत चालली आहेत.

संस्कृतात या पक्ष्याची नावं ठेवताना तुरा, आवाज आणि पाय असं सगळंच पाहिलं गेलं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात एका ओळीत चार नावं आहेत : कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट, चरणायुध. ताम्रचूड म्हणजे तांबड्या तुऱ्याचा. चरणायुध म्हणजे पाय हेच ज्याचं शस्त्र आहे तो. उरलेली दोन आवाजावरून आलेली. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत (दीर्घाहूनही लांबवलेला) स्वर समजावताना नेमका ‘उ’ हा स्वर घेतला, तो आरवण्यात या तिन्ही मात्रा चढत जातात म्हणून, असं परंपरा सांगते. पहाटे लक्ष देऊन ऐका, पटेल.

कुक्कुटाचे वंशज गुजरातीत ‘कूकडो’ आणि पंजाबीत ‘कुक्कड’ म्हणून सुखाने नांदताहेत. मराठीत तो कुक्कुटपालनासारख्या सरकारी शब्दात उरला, आणि भारद्वाजाच्या ‘कुक्कुडकोंबा’ या नावात. तिथे मात्र आवाजाचं आणि तुऱ्याचं अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

राहिली मुर्गी. तिचं आपल्या कोंबडीशी नातं नाही. फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे कुठलाही पक्षी, हिंदीत तो एकाच पक्ष्यापुरता आक्रसला. पण हा ‘मुर्ग’ आणि संस्कृत ‘मृग’ मुळात एकच. मृग म्हणजे पूर्वी फक्त हरीण नव्हे, कुठलंही रानातलं जनावर. मृगेंद्र (सिंह) आणि मृगया (शिकार) या शब्दांत तो जुना अर्थ टिकून आहे. इराणकडे तोच शब्द पक्ष्यांकडे वळला. आपल्या शहामृगातला ‘मृग’ म्हणजे हा फारसी मुर्गच. मराठी माणसाने तो ऐकला आणि ओळखीच्या मृगात बसवला, आणि नकळत दोन दुरावलेल्या भावंडांची गाठ घालून दिली.