उडदाची डाळ बंद करू का?

प्रश्न : आमचे हे ५४ वर्षांचे, यावल तालुक्यात केळीची शेती आहे. रात्री अचानक पायाचा अंगठा सुजून लालबुंद होतो, पांघरूण टेकलेलंही सोसत नाही. युरिक ॲसिड ८.९ निघालं. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल १०० दिली, पण काही दिवसांत अंगठा पुन्हा सुजला, म्हणून यांनी ती सोडली. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात, उडदाची डाळ, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वांगं, सगळं बंद कर. मग रोज ताटात वाढू तरी काय?

उत्तर : ताई, हे दुखणं गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचं. आधी ते ॲसिड उतरवणाऱ्या ॲलोप्युरिनॉलच्या गोळीचं बोलू, खरा घोळ तिथे आहे. गोळी सुरू झाल्यावर अंगठा सुजला म्हणजे ती बाधली असं नाही. सांध्यात साचलेले युरिक ॲसिडचे खडे विरघळू लागले की सुरुवातीचे काही महिने दुखणं उसळू शकतं. म्हणूनच सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. ती लिहून दिली होती का, चिठ्ठी काढून बघा. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा आणि मधे दुखणं उठलं तरी सोडू नका. १०० हा आरंभ झाला. रक्त तपासत डोस वाढवायचा, युरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं आणि तिथेच राखायचं. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर मात्र त्याच दिवशी गोळी थांबवून दवाखाना गाठा.

आणखी एक. ऐन दुखण्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड नॉर्मलही येतं. तेवढ्यावर ‘बरं झालं’ म्हणून माणसं निर्धास्त होतात. दुखणं ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

आता जाऊबाईंचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि डाळ शिजवा. डाळींत प्युरिन (ज्यापासून अंगात युरिक ॲसिड बनतं) असतं खरं, पण डाळी-भाज्या खाणाऱ्यांत गाऊट वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. वांग्यावर तर उगाच आळ. हिवाळ्यात भरीत खुशाल होऊ द्या. कळण्याची भाकरी आणि ताक तर मी स्वतः सांगेन, दूध-ताक उलट फायद्याचंच. आवर घालायचा तो मळ्यातल्या पार्टीला : कलेजी, वजडी, मटणाचा दुसरा-तिसरा वाढा, आणि बिअर. गोड थंड पेयांच्या बाटल्याही त्यातच आल्या. सोडायला सांगितलं की पुरुषमंडळी डाळ लगेच सोडतात, बाटली नाही!

पण पथ्याचा आवाका ओळखा. नुसत्या पथ्यानं साधारण एखादाच अंक उतरतो, ८.९ वरून ६ च्या खाली यायला गोळीच लागते. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. कडक उपासानं दुखणं उलट उठतं. मे महिन्यात केळीच्या बागेत घामानं अंगातलं पाणी आटलं की युरिक ॲसिड चढतं, तेव्हा पाण्याचा कॅन बांधावर हवाच.

मेडिकलवरून परस्पर पेनकिलर आणू नका. ब्लडप्रेशर असलेल्या माणसाच्या किडनीला ती महाग पडते. किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिनही तपासून घ्या. आणि ब्लडप्रेशरच्या गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘हायड्रोक्लोरोथायाझाइड’ असेल, तर त्या औषधानं युरिक ॲसिड वाढतं. लोसार्टनसारखा पर्याय चालेल का, ते डॉक्टर ठरवतील. मनानं बंद करू नका, पट्टीच सोबत घेऊन जा.