निपाणीकडची काळी माती आहे. तिच्यातला ओलावा प्रयोगशाळेत कसा मोजतात?

ओव्हनमध्ये सुकवून. रिकाम्या डबीचं वजन घ्या, ओली माती भरून पुन्हा घ्या, मग झाकण काढून १०५ ते ११० अंश सेल्सिअसला साधारण २४ तास ठेवा. काळी चिकण माती पाणी सहज सोडत नाही, म्हणून घाई नको; वजन उतरायचं थांबलं की सुकली समजा. झाकण लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करा आणि मगच तोला.

चूक बहुतेक भागाकारात होते. उडालेल्या पाण्याचं वजन सुक्या मातीच्या वजनाने भागायचं, ओल्या मातीच्या नव्हे. डबी २० ग्रॅम, ओल्या मातीसह ७०, सुकल्यावर ६० भरली, तर पाणी १०, सुकी माती ४०, म्हणजे ओलावा २५ टक्के. ओल्या वजनाने भागलंत तर २० येईल, आणि पाणी देण्याचा सगळा हिशेबच चुकेल.

नमुना शेतातून उचलताच हवाबंद पिशवीत घाला. उन्हाळ्यात निपाणीहून बेळगावला उघडा नेलात तर वाटेतच सुकतो, मग ओव्हन कितीही चांगला असो. शेणखत भरपूर असलेल्या मातीला ६० ते ८० अंशच ठेवा, नाहीतर सेंद्रिय भाग जळून ओलावा उगीच जास्त दिसतो.