१६ आणि ४३, एकाच रांगेत

आदरणीय ताई,
मी ४३ वर्षांचा असून बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. पुण्यात असताना दहावीपासून ढोल पथकात वाजवत होतो. ती हौस पुन्हा उफाळून आली आणि दोन हंगामांपूर्वी मी इथल्या एका ऑल-एज, म्हणजे सर्व वयांना खुल्या, ड्रम कोअरमध्ये (मैदानावर संचलन करत पितळी वाद्ये आणि ढोल वाजवणाऱ्या पथकात) दाखल झालो. बेस ड्रमच्या आमच्या पाच जणांच्या रांगेत माझ्या शेजारी १६ वर्षांचा एक मुलगा आहे. सराव शनिवार-रविवारी असतो आणि रात्री उशिरा संपतो. त्याला अजून गाडीचा परवाना नाही, म्हणून मीच त्याला घरी सोडतो. गाडीत तो घरातल्या भांडणांविषयी बोलतो, हल्ली रात्री मेसेजही करतो. एकदा सरावानंतर आम्ही मोठी माणसे पार्किंगमध्ये बिअर घेत होतो, तेव्हा तोही तिथेच उभा होता. पत्नीने हे ऐकले आणि ती म्हणाली, "हे सगळे ताबडतोब बंद करा." मला ते फार लागले. मी त्या मुलाशी वडीलकीने वागतो, यात काय चूक आहे? की लहानमोठ्यांना असे एकत्र आणणेच चुकीचे आहे?
– एक वादक

प्रिय वादक,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मला सोपे वाटते. लहानमोठ्यांना एकत्र आणणे चुकीचे नाही. अमेरिकेत तरुणांच्या ड्रम कोअरची वेगळी, मोठी परंपरा आहेच. १९७२ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या त्या गटांत २१ वर्षांची वयोमर्यादा असते आणि मुले उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात. ती मर्यादा ओलांडलेल्यांनी आणि नोकरी-संसार सांभाळून वाजवणाऱ्यांनी कुठे जायचे, याचे उत्तर एके काळी माजी सैनिकांच्या संघटनांच्या आधाराने वाढलेल्या 'सीनियर' कोअरनी दिले. १९६५ पासून त्यांचे अजिंक्यपद ड्रम कोअर असोसिएट्स ही संस्था भरवीत असे, आणि २०२४ च्या हंगामापासून तेच गट 'ऑल-एज' या नावाने ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या छत्राखाली उतरू लागले. त्यांचे काम शनिवार-रविवारवर चालते, त्यामुळे ज्या शाळकरी मुलाला संपूर्ण उन्हाळा देणे किंवा त्याचा खर्च पेलणे शक्य नसते, त्यालाही तिथे जागा मिळते. तुमच्या शेजारचा मुलगा बहुधा असाच आला असावा.

शिवाय बेस ड्रमच्या रांगेत जे घडते ते दुसरीकडे क्वचितच घडते. स्नेअर (छोटा, कडक आवाजाचा ढोल) वाजवणारे सगळे जण एकच ओळ एकत्र वाजवतात, पण बेसच्या रांगेत प्रत्येक ड्रमचा आकार आणि स्वर वेगळा असल्यामुळे एकच धावती ओळ पाच जणांत वाटलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिच्यातले एक-दोन ठोके येतात. शेजाऱ्याचा ठोका चुकला तर तुमचा बरोबर असूनही चुकीचा ऐकू येतो. १६ वर्षांच्या मुलाला आपल्यावाचून ४३ वर्षांच्या माणसाचे अडते हा अनुभव घरी, शाळेत किंवा नात्यागोत्यात सहसा येत नाही. तो त्याला मिळतो आहे, आणि तो मोलाचा आहे.

अडचण इथेच सुरू होते. मैदानावर तुम्ही दोघे खरोखरच बरोबरीचे असता, म्हणून ढोल अडकवायचा हार्नेस खांद्यावरून उतरल्यावरही आपण बरोबरीचे आहोत असे दोघांनाही वाटू लागते. तसे नसते. गाडी तुमची, पैसे तुमचे, अनुभव तुमचा, आणि रात्री कुठे थांबायचे हे ठरवणारेही तुम्हीच. पुण्यातल्या पथकात तुम्ही दहावीत होता तेव्हा मोठ्या वादकांना दादा किंवा ताई म्हणत असाल. त्या एका शब्दाने अंतर आपोआप राखले जात असे. (त्याच शब्दाच्या आडून काही 'दादां'नी नको ते केल्याची पत्रेही माझ्याकडे आली आहेत, तेव्हा मी त्याचे फार गोडवे गाणार नाही.) तुमच्या कोअरमध्ये तो मुलगा तुम्हाला नावाने हाक मारत असणार. हाकेत अंतर नसेल तर ते वागण्यात ठेवावे लागते, आणि ते ठेवण्याची जबाबदारी मोठ्याची असते, मुलाने कितीही जवळीक केली तरी.

आता तुम्हाला लागलेल्या बोलाविषयी. तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि तुमच्या पत्नीलाही नसावी. परंतु हे नियम तुमच्या स्वभावाची परीक्षा घेण्यासाठी नसतातच. रात्री एकट्या प्रौढ माणसाच्या गाडीतून जाणे, त्याला खासगीत मन मोकळे करणारे मेसेज पाठवणे, त्याच्या हातात बिअर असताना शेजारी उभे राहणे, हे सगळे साधे असते असे तुम्ही त्या मुलाला दोन हंगाम शिकवत आला आहात. तुमच्यासारख्या सज्जन माणसाकडून तो ते शिकला, म्हणूनच पुढच्या वर्षी एखाद्या वेगळ्या हेतूच्या माणसाने हेच केले तर त्याला त्यात वावगे काही दिसणार नाही, आणि पाहणाऱ्या इतरांनाही दिसणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अत्यंत नामांकित कोअरच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्यांना पद सोडावे लागले. त्यांतल्या काही तक्रारी कित्येक वर्षांपूर्वीच्या होत्या. ज्या संस्थेत सर्वांचा एकमेकांवर विश्वास असतो तिथे असे बोलायला किती काळ लागतो, हे तुमच्या लक्षात येईल.

बिअरविषयी फार लिहीत नाही. अमेरिकेत मद्यपानाचे वय २१ आहे. तुमच्या कोअरमध्ये १६ वर्षांची मुले असतील तशी १९ वर्षांचीही असतील, आणि ती स्वतःला मोठी समजत असतील. लहान वयाचा शेवटचा वादक घरी जाईपर्यंत डबे उघडू नयेत. याला अपवाद नको.

गाडी मात्र बंद करू नका. न्यू जर्सीत १७ वर्षांचे होईपर्यंत एकट्याने गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तुम्ही सोडले नाही तर तो कदाचित सरावालाच मुकेल किंवा ओळखपाळख नसलेल्या कोणाकडे लिफ्ट मागेल. पालकांची लेखी परवानगी घ्या, वाटेवर राहणाऱ्या आणखी एका वादकाला बरोबर घ्या, आणि तिसरे कोणी मिळत नसेल त्या दिवशी निघताना व पोहोचल्यावर पालकांना कळवा. मेसेज एका दिवसात तोडलेत तर आपलेच काही चुकले असे त्याला वाटेल. त्याला स्पष्ट सांगा, "तू मला सांगतोस याचा मला आनंद आहे, पण रात्री, दोघांतच, असे बोलणे मी कोणत्याही मुलाशी करणार नाही. सरावाच्या ठिकाणी, सगळे आजूबाजूला असताना, हवे तेवढे बोल." आणि तिथे खरोखर वेळ काढा.

घरातली भांडणे हा वेगळा भाग आहे. आईवडिलांची कडाक्याची भांडणे आणि मुलावर होणारा अत्याचार यांत फरक आहे. आज तुम्हाला पहिलेच दिसत असेल, तर शाळेतल्या समुपदेशकाशी बोलायला त्याला सुचवा, कारण ते काम त्यांना येते आणि तुम्हाला येत नाही. पण मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असल्याची वाजवी शंका आली, तर न्यू जर्सीच्या कायद्यानुसार ती शासनाच्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवणे हे केवळ शिक्षकावर किंवा डॉक्टरवर नव्हे, प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. म्हणूनच "कोणाला सांगणार नाही" असे वचन त्याला कधीही देऊ नका. दिले असेल तर परत घ्या.

तुमच्या कोअरच्या व्यवस्थापनाकडेही एक मागणी करा. १८ वर्षांखालील वादकांविषयी लेखी नियम आहेत का, शिबिरात रात्री शाळेच्या व्यायामशाळेत झोपताना त्यांची व्यवस्था वेगळी असते का, शिकवणाऱ्यांची आणि प्रौढ वादकांची पार्श्वभूमी तपासली जाते का, आणि तक्रार करायची तर संचालकाखेरीज कोणाकडे करायची, हे विचारा. ही विचारणा पालकांपेक्षा तुमच्यासारख्या वादकाने केली तर तिला अधिक वजन येईल.

पत्नीला हे पत्र दाखवा. त्यांना जे दिसले ते तुम्हाला दोन हंगाम दिसले नाही, एवढे मान्य करायला फारसे शब्द लागणार नाहीत.

एक गोष्ट राहिली. तुमच्या एवढ्या पत्रात त्या मुलाच्या आईवडिलांना तुम्ही एकदाही भेटल्याचा उल्लेख नाही. या शनिवारी त्याला सोडाल तेव्हा फाटकाशीच गाडी वळवू नका. खाली उतरा, दार वाजवा, नाव सांगा, आणि तुमचा मुलगा बेस ड्रम फार नेटका वाजवतो, एवढे सांगून या. त्याने गाडीत सांगितलेले मात्र तिथे काढू नका.

तुमची,
ताई